‘नेट गेलंय’ म्हणजे नेमके काय गेले?

‘वीज गेली’ हे वाक्य स्वतःपुरते पूर्ण आहे. दिवा लागत नाही, पंखा फिरत नाही, गॅलरीतून डोकावले की फक्त आपली गेली की सगळ्या आळीची, हेही कळते. वायरमनला निरोप देण्यापुरती माहिती आपल्या हाती येते. ‘नेट गेलंय’ हे वाक्य त्याच घाटाचे दिसते, पण ते जवळजवळ काहीच सांगत नाही. फायबरची तार तुटली तरी आपण तेच म्हणतो. राउटरने संगणकाला पत्ता दिला नाही तरी तेच, नावांची नोंदवही उत्तर देईनाशी झाली तरी तेच, आणि बाकी सारे सुरळीत असताना बँकेचे एकच पान उघडेना तरीही तेच. अनेक वेगळ्या आजारांना आपण एकच नाव दिले आहे. कंपन्यांनीही मग एकच औषध ठेवले आहे: ‘राउटर बंद करून चालू करा.’

हे औषध कधीकधी लागू पडते, म्हणूनच ते घातक आहे. बिघाड कोठे होता, हे त्यातून कोणालाच कळत नाही. ना ग्राहकाला, ना कंपनीला. आणि ते लागू पडले नाही, तर दोष शेवटी ग्राहकाच्या माथी येतो: ‘तुमचा लॅपटॉप जुना झालाय.’ हा आरोप खोडून काढायला ग्राहकाजवळ काही साधन असते का? असते, आणि ते फुकट असते, हे या लेखात मांडायचे आहे. मी अभियंता नाही. या विषयाचे माझे शिक्षण वाचून, करून पाहून आणि नोंदी ठेवून झाले आहे. त्यामुळे पुढे जे सांगतो आहे, ते चिकाटी असलेल्या कोणाही वाचकाला घरबसल्या पडताळता येईल.

छोटी हत्यारे

ही साधने ‘युनिक्स’ नावाच्या संगणकप्रणालीच्या कुळात जन्मली. १९६९ साली अमेरिकेतील बेल लॅब्जमध्ये केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी युनिक्सची सुरुवात केली. आज तिची वंशावळ आणि तिच्या धर्तीवर बांधलेल्या प्रणाली सर्वत्र आहेत. लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ साली सुरू केलेले लिनक्स, मॅकची प्रणाली, फ्रीबीएसडी ही ठळक नावे. अँड्रॉइड फोनचा गाभा लिनक्सचा आहे, आणि घराघरांत भिंतीवर लुकलुकणाऱ्या राउटरांपैकी बहुतेकांच्या पोटातही लिनक्सच चालते. म्हणजे ‘आमच्याकडे असले काही नाही’ असे म्हणणाऱ्याच्या घरीही ते असतेच.

आपल्याकडे तर इंटरनेटची ओळखच अनेकांना या मार्गाने झाली. विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले, तेव्हा विद्यार्थ्यांसाठी जे स्वस्त खाते होते त्यात चित्रे नव्हती. काळ्या पडद्यावर अक्षरे आणि आज्ञेची वाट पाहणारे एक चिन्ह. ते चिन्ह युनिक्सचे होते.

युनिक्सची रीत अशी, की प्रत्येक आज्ञावलीने एकच काम करावे, ते नीट करावे आणि उत्तर साध्या मजकुरात द्यावे. एकीचे उत्तर दुसरीला पुरवता यावे, म्हणून १९७३ साली डग मॅकिलरॉय यांच्या कल्पनेवरून थॉम्प्सन यांनी त्यात ‘पाइप’ बसवला. या रीतीचा उपयोग किती सुंदर होऊ शकतो, याचा एक किस्सा माइक मूस यांनी लिहून ठेवला आहे. एका जाळे-व्यवस्थापकाच्या कार्यालयातली केबल मधूनच दगा देत असे. त्याने जोडणी तपासणाऱ्या आज्ञेचे उत्तर बोलक्या आज्ञावलीला पाइपने जोडले आणि तिचा आवाज स्टीरिओवर मोठ्याने सोडला. संगणक दर सेकंदाला ‘पिंग, पिंग’ असे ओरडू लागला. मग हा गृहस्थ इमारतभर फिरत एकेक जोड हलवून पाहू लागला. ज्या जोडापाशी आवाज थांबला, तोच नादुरुस्त. या शोधासाठी त्याला महागडे यंत्र लागले नाही. दोन छोट्या आज्ञावल्या आणि एक प्रश्न एवढ्यावर भागले.

उतरंड

इंटरनेटची जोडणी म्हणजे एक उतरंड आहे. खालचे मडके फुटले तर वरची सगळी कोसळतात. वरचे फुटले तर खालची शाबूत राहतात. म्हणून तपासणी करताना एकेका मडक्यावर टिचकी मारून पाहायची. खालून वर असे पाच प्रश्न पुरतात. (आज्ञा अर्थातच रोमन अक्षरांत टंकायच्या असतात, येथे त्यांचे उच्चार दिले आहेत. लिनक्सवरच्या ‘आयपी’ या आज्ञेऐवजी मॅकवर ‘इफकॉन्फिग’ ही जुनी आज्ञा वापरतात.)

पहिला प्रश्न: तार जिवंत आहे का? ‘आयपी लिंक’ ही आज्ञा दिली की संगणकाच्या जाळे-जोडण्यांची यादी येते. केबल निघाली असेल तर तेथे ‘नो-कॅरिअर’ असे स्पष्ट लिहिलेले असते. हे संगणक ते राउटर या तुकड्याबद्दल झाले. बाहेरून येणाऱ्या फायबरसाठी तिच्या टोकाला बसवलेल्या डब्यावरचा, म्हणजे ओएनटीवरचा दिवा पाहावा. ‘एलओएस’ लिहिलेला दिवा लाल झाला, तर प्रकाशच पोहोचत नाही. अशा वेळी राउटर शंभर वेळा बंद-चालू केला तरी उपयोग नाही. डब्याच्या सेटिंगच्या पानावर येणाऱ्या प्रकाशाची पातळी डीबीएम या मापात दिसते. घरगुती फायबरच्या प्रचलित जीपॉन पद्धतीत ती साधारण उणे ८ ते उणे २७ यांच्या दरम्यान असावी लागते. हे माप दर ३ अंकांनी घसरले की प्रकाश निम्मा होतो. काल उणे २० असलेला आकडा आज उणे २६ झाला, तर चौथाईच प्रकाश येतो आहे, म्हणजे कोठेतरी तार मुरगळली आहे किंवा जोड सैल झाला आहे. नेट अजून चालू असते, पण कड्याच्या टोकावर उभे असते.

दुसरा प्रश्न: पत्ता मिळाला का? ‘आयपी अ‍ॅड्रेस’ ही आज्ञा संगणकाला मिळालेला अंकी पत्ता दाखवते. घरगुती जाळ्यात तो बहुधा १९२.१६८ ने सुरू होतो. तो १६९.२५४ ने सुरू झाला, तर राउटरकडून उत्तर न आल्यामुळे संगणकाने स्वतःच एक तात्पुरता पत्ता घेतला आहे, असे समजावे. पाहुण्याला घर सापडले नाही आणि तो देवळाच्या ओसरीवर टेकला, तसला हा प्रकार.

तिसरा प्रश्न: उंबरठ्यापर्यंत जाता येते का? ‘आयपी राउट’ या आज्ञेच्या उत्तरात ‘डीफॉल्ट’ या शब्दापुढे राउटरचा पत्ता येतो. त्या पत्त्याला ‘पिंग’ करावे. हा सगळ्यांत कामाचा प्रश्न, कारण घर आणि कंपनी यांच्यामधली हद्द येथे आहे. राउटरपर्यंतची उत्तरेच गळत असतील, तर बिघाड घरात आहे. वायफाय सोडून केबल लावून पाहावे. राउटरची उत्तरे नियमित येत असतील, तर घर सुटले. घाई असेल तेव्हा मी पहिल्याऐवजी याच प्रश्नापासून सुरुवात करतो. एका उत्तरात अर्धी उतरंड बाजूला होते.

चौथा प्रश्न: उंबरठ्याबाहेर कोणी ओ देते का? यासाठी नाव न वापरता थेट अंकी पत्त्याला हाक मारायची. ८.८.८.८ हा गुगलचा आणि १.१.१.१ हा क्लाउडफ्लेअरचा पत्ता यासाठी सोयीचा. दोघांना विचारावे, कारण एकाचे मौन पुरावा ठरत नाही. काही संगणक पिंगला मुद्दाम उत्तर देत नाहीत.

पाचवा प्रश्न: नावावरून पत्ता सापडतो का? आपण नावे लक्षात ठेवतो, यंत्रे अंक. इंटरनेट लहान होते तेव्हा सगळ्या नावांची एकच यादी कॅलिफोर्नियातील एका संस्थेत ठेवलेली असे आणि बाकीचे तिची नक्कल उतरवून घेत. ती यादी आवाक्याबाहेर जाऊ लागली, तेव्हा १९८३ साली पॉल मोकापेट्रिस यांनी वाटून ठेवलेल्या नोंदवह्यांची रचना मांडली. ती म्हणजे डीएनएस. ‘डिग’ ही आज्ञा या नोंदवहीला प्रश्न विचारते. चौथ्या प्रश्नाचे उत्तर ‘होय’ आणि पाचव्याचे ‘नाही’ आले, तर रस्ता उघडा आहे आणि फक्त नोंदवही बंद आहे. दुसऱ्या नोंदवहीचा पत्ता घातला की काम चालू होते. ‘सगळे नेट गेले’ असे वाटायला लावणाऱ्या बिघाडांत हा अगदी नेहमीचा आहे.

हाक आणि रस्ता

यातली ‘पिंग’ ही आज्ञा मूस यांचीच. अमेरिकन सैन्याच्या मेरीलँडमधील बॅलिस्टिक संशोधन प्रयोगशाळेत ते काम करीत. डिसेंबर १९८३ मध्ये तेथले जाळे विचित्र वागू लागले, तेव्हा त्यांनी एका बैठकीत ती लिहून काढली. पाणबुडीचा शोध घेताना सोनार यंत्र ध्वनी सोडते आणि प्रतिध्वनी परत यायला किती वेळ लागला त्यावरून अंतर काढते. त्या ध्वनीवरून हे नाव पडले. पिंगचे कामही तेच: एक लहान पाकीट पाठवायचे, ते परत आले का आणि किती वेळाने, हे सांगायचे. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. म्हणजे दर १०० किलोमीटरसाठी जाऊन-येऊन १ मिलिसेकंद. सातारा-मुंबई अंतर अडीचशे किलोमीटर धरले तर मुंबईहून येणाऱ्या उत्तराला अडीच मिलिसेकंदांहून कमी वेळ लागूच शकत नाही. त्याहून जास्त जो वेळ जातो, तो वळणांचा आणि रांगांचा.

रस्त्यातली वळणे दाखवणारी आज्ञा ‘ट्रेसरूट’. ती व्हॅन जेकबसन यांनी स्टीव्ह डीअरिंग यांच्या सूचनेवरून लिहिली. तिची युक्ती मजेदार आहे. प्रत्येक पाकिटावर आयुष्याचा एक आकडा असतो. वाटेतला प्रत्येक राउटर तो एकाने कमी करतो. शून्य झाला की पाकीट टाकून देतो आणि पाठवणाऱ्याला तसे कळवतो. वाट चुकलेली पाकिटे अनंतकाळ भटकत राहू नयेत, म्हणून ही सोय. ट्रेसरूट मुद्दाम आयुष्य १ असलेले पाकीट पाठवते, मग २, मग ३. पहिले पहिल्या राउटरपाशी संपते, दुसरे दुसऱ्यापाशी, आणि प्रत्येक ठिकाणाहून निधनाची वार्ता येते. त्या वार्ता ओळीने लावल्या की रस्ता दिसतो. मधल्या एखाद्या ओळीत नुसत्या फुल्या आल्या म्हणून घाबरू नये. तो राउटर अशा वार्ता पाठवत नसेल, एवढाच अर्थ. फुल्यांच्या पुढे पुन्हा उत्तरे येत असतील, तर रस्ता ठीक आहे.

जेकबसन यांचे या विषयातले मूळ काम एका बिघाडातूनच निघाले. ऑक्टोबर १९८६ मध्ये लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि बर्कली विद्यापीठ यांच्यातला वेग सेकंदाला ३२ हजार बिटांवरून ४० बिटांवर आला. दोन्ही ठिकाणांमधले अंतर ४०० यार्ड, आपल्या हिशेबात पावणेचारशे मीटरही नाही. तार शाबूत होती, यंत्रे चालू होती. पाकीट हरवले की प्रत्येक संगणक ते पुन्हा पाठवी, त्याने गर्दी वाढे आणि आणखी हरवत. जेकबसन आणि माइक कॅरल्स यांनी यावर काढलेला गर्दी ओळखून हात आखडता घेण्याचा उपाय १९८८ साली प्रसिद्ध झाला आणि आजही प्रत्येक संगणकाच्या जोडणीत तो कोणत्या ना कोणत्या रूपात आहे. ‘सगळे चालू आहे, तरी चालत नाही’ अशी अवस्था असू शकते, हे या प्रकरणाने दाखवले.

लहान जाते, मोठे अडते

तशाच अवस्थेचे एक उदाहरण मी साताऱ्यात जवळून तपासले. आमच्या सोसायटीत पावसाळ्यात एका सेवादार कंपनीने बऱ्याच घरांतले राउटर बदलून नवे बसवले. त्यानंतर काही घरांत चमत्कारिक तक्रार सुरू झाली. यूट्यूब चालते, व्हॉट्सअ‍ॅप चालते, वेग मोजला तर आकडा चांगला येतो. पण एका बँकेचे पान आणि आणखी दोन-तीन संकेतस्थळे उघडत नाहीत. नुसते चक्र फिरत राहते. शेजारच्या निवृत्त शिक्षिकांना याचा फार त्रास झाला, कारण पेन्शनचे सगळे व्यवहार त्या त्याच बँकेच्या पानावरून करीत. कंपनीच्या मदत-क्रमांकावरून उत्तर आले: “मॅडम, स्पीड बरोबर येतोय. तुमचा लॅपटॉप जुना झालाय.” बाईंनी नव्या लॅपटॉपसाठी पैसे बाजूला काढून ठेवले होते.

माझ्याकडेही त्याच कंपनीची जोडणी आणि तोच नवा राउटर होता, आणि बँकेचे ते पान माझ्याकडेही उघडत नव्हते. वरचे पाचही प्रश्न मी विचारले. पाचांची उत्तरे ‘होय’ आली. म्हणजे उतरंड शाबूत होती. मग सहावा प्रश्न उरतो, जो सहसा कोणी विचारत नाही: केवढे पाकीट जाते?

इंटरनेटवरचा मजकूर अखंड वाहत नाही. त्याची पाकिटे होतात. घरातल्या इथरनेट जाळ्यावर एका पाकिटाची कमाल मर्यादा १५०० बाइट असते. या मर्यादेला एमटीयू म्हणतात. पण अनेक कंपन्या ग्राहकाला आत घेताना पीपीपीओई नावाची पद्धत वापरतात. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या या पद्धतीत नाव आणि पासवर्ड देऊन राउटर कंपनीशी जोडला जातो, आणि प्रत्येक पाकिटावर ६ अधिक २ असे ८ बाइटांचे वेष्टन चढते. वेष्टन त्याच १५०० मध्ये बसवायचे, म्हणून आतल्या मजकुरासाठी १४९२ उरतात. घरातला संगणक मात्र १५०० च धरून चालतो, कारण त्याला वेष्टनाची गोष्ट माहीत नसते.

मोठे पाकीट अरुंद दारापाशी आले तर काय व्हावे, याचा नियम १९९० साली जेफ्री मोगल आणि वर उल्लेख आलेले डीअरिंग यांनी लिहून दिला. पाठवणाऱ्याने पाकिटावर ‘तुकडे करू नका’ अशी खूण करावी. ते अडले, तर अडवणाऱ्या राउटरने ‘माझे दार एवढेच आहे’ अशी सूचना उलट धाडावी. मग पाठवणारा लहान पाकिटे करील. नियम उत्तम आहे; पण तो त्या उलट सूचनेवर अवलंबून आहे. ही सूचना ज्या आयसीएमपी नावाच्या टपालाने येते, त्याच टपालाने पिंगही येते. काही संकेतस्थळांचे रक्षक हल्ल्याच्या भीतीने हे सगळे टपालच दारावर अडवतात. मग सूचना पोहोचत नाही, संकेतस्थळ तेच मोठे पाकीट पुन्हा पुन्हा पाठवत राहते आणि ते पुन्हा पुन्हा नाहीसे होते. कोणालाच काही कळत नाही. तंत्रज्ञ याला ‘कृष्णविवर’ म्हणतात, आणि या दोषाचे सविस्तर वर्णन २००० सालीच झालेले आहे.

आता लक्षणे जुळवून पाहू. पिंगचे पाकीट लहान, ते जाते. डीएनएसचा प्रश्न लहान, तो जातो. व्हॉट्सअ‍ॅपचा निरोपही बहुधा लहानच. यूट्यूब बऱ्याचदा क्विक नावाची नवी पद्धत वापरते. तिची सुरुवात १२०० बाइटांच्या आसपासच्या पाकिटांनी होते आणि पुढे रस्त्याची रुंदी ती स्वतः चाचपून पाहते. वेग मोजणारी संकेतस्थळे वर सांगितलेली सूचना ऐकत असली, की तेथेही आकडा चांगला येतो. बँकेशी जोडणी करतानाचा पहिला नमस्कार-चमत्कारही लहान पाकिटांत उरकतो. त्यानंतर बँक आपले प्रमाणपत्र पाठवते, ते मात्र मोठे असते. नेमके तेथेच चक्र फिरत राहते.

हा अंदाज झाला. तो तपासला असा. पहिल्यांदा ‘पिंग -एम डू -एस १४६४’ अशी आज्ञा बाहेरच्या पत्त्यासाठी दिली. याचा अर्थ, १४६४ बाइटांचा मजकूर घे आणि तुकडे करू देऊ नकोस. त्यावर पिंगचे ८ आणि पत्त्याचे २० बाइट चढून १४९२ होतात. उत्तर आले. १४६५ केल्यावर नकार आला. दाराचे माप सापडले.

दुसऱ्यांदा ‘टीसीपीडंप’ लावले. जेकबसन, क्रेग लेरेस आणि स्टीव्हन मकॅन यांची ही आज्ञा तारेवरून जाणारे प्रत्येक पाकीट दाखवते. जोडणीच्या आरंभी दोन्ही बाजू ‘मला एवढ्या आकाराचे तुकडे पाठव’ असे एकमेकांना सांगतात; या आकड्याला एमएसएस म्हणतात. बँकेकडून आलेल्या नमस्कारात तो १४६० होता, म्हणजे १५०० च्या हिशेबाचा. सोसायटीतल्या ज्या घरी जुना राउटर राहिला होता, तेथे त्याच बँकेकडून तोच आकडा १४५२ येत होता. म्हणजे जुना राउटर जाता-येता हा आकडा दाराच्या मापाला कमी करून ठेवीत होता. या कामाला ‘एमएसएस क्लॅम्पिंग’ म्हणतात. नवा राउटर ते करीत नव्हता. पुढच्या ओळींत आणखी एक गोष्ट दिसली. प्रमाणपत्राचा शेवटचा लहान तुकडा आला होता. त्याआधीचे मोठे तुकडे आलेच नव्हते. संगणक बँकेला पुन्हा पुन्हा सांगत होता, ‘शेवट मिळाला, सुरुवात पाठव.’ सुरुवात येत नव्हती.

तिसऱ्यांदा, माझ्या संगणकाचा एमटीयू १४९२ केला. त्यामुळे तो बँकेला पहिल्यापासूनच लहान तुकडे मागू लागला. पान तत्काळ उघडले. परत १५०० केला, अडले. हे तीनदा करून पाहिले. मग बाईंच्या ‘जुन्या’ लॅपटॉपवर केले. तेथेही पान उघडले.

तक्रार मी चार ओळींत लिहून दिली. राउटर बदलल्यापासून ठरावीक पाने अडतात. अखंड जाणारे सर्वांत मोठे पाकीट १४९२ आहे. जुन्या राउटरमागे एमएसएस १४५२ येतो, नव्यामागे १४६०. संगणकाचा एमटीयू १४९२ केल्यास पान उघडते. तरी नव्या राउटरांत एमएसएस क्लॅम्पिंग चालू करावे. मदत-क्रमांकावरच्या मुलाला यातले काही कळले नाही, पण तक्रार क्रमांक मिळाला आणि लेखी मजकूर पुढे गेला. तिसऱ्या दिवशी जाळे विभागातल्या एका अभियंत्याचा फोन आला. आमचे बोलणे दोन मिनिटांत संपले. सायंकाळपर्यंत सगळ्या घरांतले राउटर त्याने दुरूनच नीट केले. बाईंनी लॅपटॉप घेतला नाही.

वेग म्हणजे प्रकृती नव्हे

या प्रकरणात वेगाचा आकडा पहिल्यापासून शेवटपर्यंत उत्तम होता, हे मला महत्त्वाचे वाटते. ब्रॉडबँड म्हणजे काय, याची आपल्याकडची सरकारी व्याख्या वेगाचीच आहे. २००४ च्या धोरणात ती सेकंदाला २५६ किलोबिट होती, २०१३ मध्ये ५१२ झाली आणि जानेवारी २०२३ मध्ये २ मेगाबिट. जाहिरातीही वेगाच्याच असतात. पण नुसत्या वजनावरून माणसाची प्रकृती कळत नाही, तसे नुसत्या वेगावरून जोडणीचे आरोग्य कळत नाही.

दुसरे उदाहरण संध्याकाळच्या मंदीचे. घरात कोणी मोठा व्हिडिओ वर चढवत असताना दुसऱ्याचे ऑनलाइन बोलणे तुटते. अशा वेळी राउटरला आणि बाहेरच्या पत्त्याला पिंग लावून ठेवावे. चढवणे सुरू होताच बाहेरच्या उत्तराचा वेळ काही मिलिसेकंदांवरून काही शेकड्यांवर गेला आणि थांबवताच खाली आला, तर पाकिटे हरवत नसून लांबलचक रांगेत उभी आहेत. २०१० च्या सुमारास जिम गेटिस यांनी आपल्या घरच्या जोडणीवर हे तपासले आणि या दोषाला ‘बफरब्लोट’ हे नाव रूढ झाले. यंत्रांत साठवण स्वस्त झाली, म्हणून उत्पादकांनी रांगेसाठी ऐसपैस जागा ठेवली. त्यामुळे जेकबसन यांच्या उपायाला गर्दीची जाणीव फार उशिरा होऊ लागली. २०१२ साली कॅथलीन निकोल्स आणि खुद्द जेकबसन यांनी रांग आखूड ठेवणारी पद्धत मांडली, आणि त्याच वर्षी तिचे एक रूप लिनक्समध्ये आले. ही सोय असलेल्या राउटरवर ती चालू केली, की अधिक वेगाची योजना विकत न घेता बोलणे तुटायचे थांबते.

पुरावा

कायद्याने ग्राहकाला तक्रारीच्या दोन पायऱ्या दिल्या आहेत. पहिली कंपनीचे तक्रार केंद्र. तेथे क्रमांक मिळालाच पाहिजे. तेथे समाधान झाले नाही, तर कंपनीतच नेमलेल्या अपील प्राधिकाऱ्याकडे दाद मागता येते. दूरसंचार नियामक प्राधिकरण स्वतः एकेकट्या ग्राहकाच्या तक्रारी निकाली काढत नाही. म्हणजे दोन्ही पायऱ्यांवर समोर कंपनीच असते. तिच्याजवळ मोजमापे असतात, आपल्याजवळ ‘नेट गेलंय’ हे वाक्य. हा सामना बरोबरीचा नाही. पेन्शनचे व्यवहार, परीक्षेचे अर्ज, दवाखान्याच्या वेळा या तारेवर चढल्या आहेत, आणि ती अडली की सर्वांत आधी अडतो तो ‘तुमचंच काहीतरी चुकतंय’ हे मुकाट्याने ऐकून घेणारा माणूस.

म्हणून माझे सांगणे एवढेच, की नेट चालू असताना एकदा मोजून ठेवावे. एका वहीच्या पानावर राउटरपर्यंतचा पिंगचा वेळ, बाहेरच्या दोन पत्त्यांपर्यंतचा वेळ, फायबरच्या प्रकाशाचा आकडा आणि अखंड जाणाऱ्या सर्वांत मोठ्या पाकिटाचे माप तारखेसह लिहावे. याला पंधरा मिनिटे लागतात. बिघाड होईल त्या दिवशी हीच मापे पुन्हा घ्यावीत आणि शेजारी लिहावीत. कोणता आकडा बदलला ते डोळ्यांना दिसते, आणि बहुतेक वेळा तोच बिघाडाचा पत्ता असतो. मग फोनवर ‘नेट गेलंय’ म्हणण्याऐवजी ‘राउटर उत्तर देतो, त्यापुढे काही येत नाही, आणि प्रकाश कालच्या निम्मा झाला आहे’ असे सांगता येते. राउटर बंद-चालू करायला सांगणाऱ्यालाही त्यानंतर माणूस पाठवावा लागतो.